स्त्रीरोगतज्ज्ञ दोन तासांवर असतील तर बहिणीचं बाळंतपण गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे करावं का?

करता येतं, पण त्या डॉक्टरांचा बाळंतपणात हात बसलेला हवा आणि तुमच्या बहिणीला आधीपासून मोठा धोका नको. मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे आणि अशाच दूरच्या भागात बाळंतपणं करतो, म्हणून लिहितो.

कोणाचं बाळंतपण इथे करायचंच नाही, हे वेळेत ओळखणं हे आमचं पहिलं काम. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, वार खाली गर्भाशयाच्या तोंडाशी असणं, १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी, खूप कमी हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर कळा सुरू व्हायच्या आधीच मोठ्या रुग्णालयाजवळ जाऊन राहावं. इथे डॉक्टरांनी भीड ठेवू नये, घरच्यांनीही आग्रह करू नये.

खरी परीक्षा बाळ जन्मल्यानंतर होते. सगळं सुरळीत झालेल्या धडधाकट बाईलाही अचानक रक्तस्राव सुरू होऊ शकतो आणि तो आधी सांगता येत नाही. त्या वेळी दोन तासांवरचा तज्ज्ञ कामाचा नाही, शेजारी उभा असलेला माणूस कामाचा. बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं औषध) १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं (ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, वीज जाते तिथे फ्रिजची चौकशी जरूर करा). रक्त थांबलं नाही तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज बहुतेकदा कमीच येतो. आफ्रिकेतल्या ४ देशांतल्या ८० रुग्णालयांत रक्त मोजून लगेच सगळे उपचार एकदम सुरू केले, तेव्हा तीव्र रक्तस्राव आणि त्यातून ओढवणाऱ्या शस्त्रक्रिया व मृत्यू हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ चा. यातल्या बहुतेक गोष्टी शिकलेला डॉक्टर आणि नर्स मिळून करू शकतात.

म्हणूनच ‘तज्ज्ञ नाही, मग बाळंतपणाची खोली बंद करा’ हा निर्णय मला अजिबात पटत नाही. बाया बाळंत व्हायच्या थांबत नाहीत, रस्त्यात अडतात.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: रात्री मदतीला नर्स कोण? बाळ रडलं नाही तर श्वास द्यायला बॅग-मास्क आहे का? रक्त कुठून येईल, गाडी कोणाची, तिकडच्या तज्ज्ञांशी थेट फोनवर बोलणं होतं का? उत्तरं नावानिशी मिळाली तर मी माझ्या बहिणीलाही तिथे ठेवीन. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणाले, तर शेवटच्या महिन्यात तिला तज्ज्ञांच्या जवळ नेऊन ठेवा.