खानापूरच्या जंगलातला वणवा एआयला आधी कळेल का?

प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात डोंगर पेटतात. परदेशात एआय कॅमेरे लावून आग लवकर पकडतात असं वाचलं. भीमगड अभयारण्य, जांबोटी, कणकुंबी भागात हे चालेल का, वणवे थांबतील का, आणि गावातल्या पोरांना त्यात काही करता येईल का?

मी बेळगावात नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं काम करतो आणि घरची थोडी काजूची बाग जांबोटीकडे आहे, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून माझ्या जवळचा आहे. माझं उत्तर: चालेल, पण आपल्याकडे खरी अडचण आग दिसण्यात जितकी आहे त्याहून जास्त आग दिसल्यानंतरच्या दोन तासांत आहे. एआयवाले त्या दोन तासांबद्दल फारसं बोलत नाहीत.

आधी हे लक्षात घ्या की आग शोधणारी यंत्रणा आपल्याकडे नव्याने यायची नाही. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीची ठिकाणं काढून राज्यांच्या वनखात्यांना कळवतंय. आता तो एसएमएस थेट खालच्या कर्मचाऱ्यांपर्यंत जातो. त्यांच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर नाव नोंदवलं तर तुमच्या-माझ्यासारख्यालाही येतो. शिवाय नासाचं ‘फर्म्स’ नावाचं संकेतस्थळ सगळ्यांना फुकट खुलं आहे.

एकदा फर्म्स उघडून खानापूरवर जा आणि एखाद्या लाल ठिपक्यावर बोट ठेवा. अक्षांश-रेखांश, उपग्रहाचं नाव, आगीची ताकद मेगावॅटमध्ये आणि खात्री किती ते दिसेल. वेळ मात्र ग्रीनिचची असते. ०८१२ दिसलं तर साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १.४२. आणि ठिपका जिथे आहे तिथेच आग असं धरून कुणी निघू नये. उपग्रहावरच्या व्हिआयआयआरएस या उपकरणाचा एक चौकोन ३७५ मीटरचा असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर, आणि ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर टाकलेला असतो. भीमगडच्या दऱ्यांत ३५ एकर म्हणजे मधे एखादा ओढा आणि दोन कडे सहज आले. ठिपका ओढ्याच्या या अंगाला दिसतो आणि माणसं पोचतात तर जाळ त्या अंगाला.

दुसरी गोम वेळेची. हे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. कुणी दुपारी तीनला बांधावरचं गवत पेटवलं आणि ते रानात शिरलं, तर वरून पुढची नजर मध्यरात्र उलटल्यावर. त्यानंतर माहिती उतरून नकाशावर यायला आणखी वेळ, फर्म्सवर तीन तासांपर्यंत. शिवाय आपली आग बहुतेक वेळा टीव्हीवर दिसते तशी शेंड्याला भिडत नाही. पाल्यापाचोळ्यातून गुडघाभर उंचीने सरपटत जाते. वरून झाडोरा दाट असेल तर ती उपग्रहाला दिसतेच असं नाही. पण तेवढ्यात कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे-कासवं सगळं जातं.

फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्याचा नकाशा उघडलात तर अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक पट्ट्यात ठिपके दिसतील. ते जंगल नाही, ऊस तुटल्यावर पेटवलेलं पाचट आहे. एआय खरोखर कामाला येतं ते इथे. ठिपका शेतात की रानात, तिथे दरवर्षी त्याच आठवड्यात उष्णता दिसते का, शेजारी गाव किती लांब, आदल्या दिवशी हवेत ओल किती होती, हे सगळं एकत्र पाहून ‘हा पाचटाचा, हा वणव्याचा’ अशी चाळणी यंत्र माणसापेक्षा पटकन करतं. गार्डाच्या मोबाइलवर दिवसाला वीस खोटे मेसेज आले तर एकविसावा तो उघडणार नाही, हे कुठल्याही खात्यात खरं आहे.

आता कॅमेऱ्यांकडे येऊ. कॅलिफोर्नियात ‘अलर्टकॅलिफोर्निया’ नावाचं हजाराहून जास्त कॅमेऱ्यांचं जाळं आहे. २०२३ पासून त्यावर एआय नजर ठेवतं, धूर वाटला की चौकट आखतं आणि माणूस ती तपासून पथक पाठवतो. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या पूर्वेच्या जंगलात पहाटे तीनला लागलेली आग अशी पकडली आणि पाऊण तासात विझवली. आपल्या जवळचं उदाहरण नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचं. तिथे २०२४ मध्ये डोंगरावर कॅमेरा बसवला, १५ किलोमीटरपर्यंत पाहणारा, धूर तीन मिनिटांत ओळखण्याच्या बेताने. गुगलच्या साहाय्याने ‘फायरसॅट’चा पहिला उपग्रहही मार्च २०२५ मध्ये वर गेला. पन्नासच्या वर उपग्रह झाले की पाच बाय पाच मीटरची आग दर वीस मिनिटांनी दिसावी असा त्यांचा इरादा आहे. ते जमलं तर मी वर सांगितलेली दीडची अडचण बरीचशी मिटेल.

पण पेंच आपल्यामानाने सपाट आहे. आपल्याकडे कणकुंबीपासून हेम्मडगापर्यंत दरीला दरी लागून. एका माथ्यावरच्या कॅमेऱ्याला पलीकडच्या दरीतला धूर दिसतो तो माथ्याच्या वर आल्यावर, आणि रात्री थंडीने धूर खालीच बसतो. म्हणजे कॅमेरे तीन-चार तरी हवेत. त्यांना सोलर पॅनेल, टॉवर आणि नेटवर्क हवं. पावसाचं तर विचारूच नका. कणकुंबीच्या पावसात लोखंडी गेट टिकत नाही, तिथे भिंगाचं काय. जूनच्या आधी कॅमेरा उतरवून नोव्हेंबरात परत चढवायची तयारी असेल तरच हात घालावा.

आणि यंत्राला शिकवावं लागतं. परदेशातल्या धुरावर तयार झालेलं मॉडेल इथे आणलं तर ते जानेवारीतल्या सकाळच्या धुक्याला धूर म्हणेल. खानापूरच्या आजूबाजूच्या वीट आणि कौलभट्ट्यांना आग म्हणेल. आमच्या बागेतून उठणाऱ्या काजूच्या पाल्याच्या धुरालाही म्हणेल, आणि ते चूकही नाही, कारण तोच पाला पुढे वणवा होतो. इथलेच हजारो फोटो दाखवल्याशिवाय त्याला फरक कळणार नाही.

झाडाला बांधायचे सेन्सरही निघालेत. जर्मनीतली ड्रायड नावाची कंपनी असे बनवते. आग नुसती धुमसत असतानाच हवेतला हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड हुंगून ते रेडिओने निरोप देतात, प्रत्येक सेन्सरजवळ मोबाइलचा टॉवर लागत नाही. तळेवाडी, गवाळीकडच्या बिननेटवर्कच्या रानासाठी मला कॅमेऱ्यापेक्षा हेच जास्त पटतं. मात्र सगळ्या रानात ते बांधणं परवडणार नाही, वाटेच्या आणि वस्तीच्या कडेला बांधावेत.

आता ते दोन तास. कॅलिफोर्नियात अलार्म वाजला तेव्हा साठेक जवान, सात बंब, दोन बुलडोझर निघाले. आपल्याकडे अलार्म वाजला की कोण निघतं? एक गार्ड, उन्हाळ्यापुरते घेतलेले दोन-चार वॉचर आणि हाताला लागतील त्या हिरव्या फांद्या. पानं उडवणारा ब्लोअर मिळाला तर नशीब. तो मिळाला तर खूपच फरक पडतो, कारण आगीच्या पुढचा पाला बाजूला सारला की सरपटणारी आग तिथेच उपाशी मरते. जीपचा रस्ता संपला की पुढे चालत, आणि अलीकडच्या वाड्यांतली धडधाकट माणसं कामाला गोव्याला किंवा बेळगावला गेलेली. तीन मिनिटांत कळलं आणि पोचायला तीन तास लागले, तर कमावलेल्या वेळेचं करायचं काय?

म्हणून माझ्या मते एआयचा आपल्याला जास्त उपयोग आग लागण्याआधी आहे. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. काजूच्या बुंध्याखालचा पाला जाळणं, ‘नवं गवत लवकर फुटतं’ म्हणून सड्यावरचं गवत पेटवणं, मधाच्या पोळ्याला दाखवलेला पलिता, वाटेवर टाकलेली बिडी. यातलं काहीच अचानक होत नाही, त्याचे दिवस आणि जागा ठरलेल्या असतात. मोडिस या उपग्रहावरच्या आधीच्या उपकरणाचे २००० पासूनचे आणि व्हिआयआयआरएसचे २०१२ पासूनचे ठिपके हाताशी आहेत. त्यांना उतार, वाटा, वस्त्या, पानगळीचा काळ आणि रोजचं हवामान जोडलं की कुठल्या बीटमध्ये, म्हणजे गार्डाच्या हद्दीत, कुठल्या आठवड्यात धोका जास्त, याचा बरा अंदाज निघतो. मग जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून पाला काढलेले पट्टे, आधी कुठे साफ करायच्या आणि वॉचर कुठे बसवायचे हे ठरवता येतं.

त्यातही दोन गोष्टी मला खटकतात. ज्या आगी उपग्रहाला दिसल्याच नाहीत त्या मॉडेललाही माहीत नसतात, त्यामुळे झाडोऱ्याखाली दरवर्षी जळणारं रान नकाशावर हिरवंगार सुरक्षित दिसतं. तिथे गुराख्याला विचारल्याशिवाय पर्याय नाही. दुसरी जास्त नाजूक आहे. वस्तीजवळ धोका जास्त, असं मॉडेल शिकलं की गवळी-धनगरांच्या वाड्यांभोवती लाल रंग येणार. अभयारण्यातल्या लोकांच्या पुनर्वसनाचा विषय आधीच तापलेला आहे. असा नकाशा उद्या त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून कुणी टेबलावर टाकला तर? वाडीजवळ आग जास्त दिसते याचा अर्थ वाडीने लावली असा होत नाही. उलट आग विझवायला सगळ्यात आधी पोचणारी माणसं तीच आहेत.

सीमेचा प्रश्नही आहेच. मार्च २०२३ मध्ये चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. रान एकच आहे, पण मेसेज गोव्याच्या खात्याला वेगळा, कर्नाटकच्या वेगळा, चंदगडकडे महाराष्ट्राच्या वेगळा. यंत्र काही असो, या तिघांच्या गार्डांचा एक फोन ग्रुप असला तरी निम्मं काम होईल. आणि वाड्यांत जाणारा निरोप मराठीतही जावा. आग विझवायला बोलावलेल्याला निरोप वाचता यायला हवा, यात राजकारण काही नाही.

आता पोरांनी काय करावं. वन अग्नीवर नाव नोंदवा आणि फर्म्सवर आपल्या भागाभोवती चौकोन आखून ईमेल सूचना सुरू करा, त्याला पैसे लागत नाहीत. गावातली एक उंच जागा ठरवून तिथून रोज एकाच दिशेने फोटो काढा, धुक्याचे, भट्टीचे, पाल्याच्या धुराचे, खऱ्या वणव्याचे. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि कशाचा धूर ते लिहा. उद्या इथे कुणीही कॅमेरा बसवला तर त्याला सगळ्यात आधी हीच पोथी लागणार आहे, आणि ती बंगळुरात बसून तयार होत नाही. ड्रोन मात्र अभयारण्यात परवानगीशिवाय उडवू नका. तिथे आग लावायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमाने बंदी आहे, हेही ज्याला माहीत नाही त्याला सांगा.

बागायतदारांना एवढंच: काजूचा पाला जाळू नका, बुंध्याभोवती पसरून ठेवा, ओल टिकते. जाळणारच असाल तर पाला ओढून मोकळ्या जागी न्या, भोवतीची जमीन खरवडा, सकाळी दव असताना पेटवा आणि आधी गार्डाला कळवा. त्याने त्या ठिपक्यामागे उगाच धावपळ करायची नाही, एवढं तरी होईल. आणि आग विझवायला कधीही एकट्याने जाऊ नका. चढावर तर आगीच्या वरच्या अंगाला मुळीच थांबू नका, आग चढ फार झपाट्याने चढते. जळून गेलेल्या बाजूने तिच्याजवळ जायचं.

तालुक्याला यासाठी निधी मिळालाच तर माझी यादी अशी: आधी वॉचरांचा पगार वेळेवर आणि त्यांना वायरलेस सेट, मग ब्लोअर, मग वाटेच्या कडेचे सेन्सर, आणि पैसे उरले तर कॅमेरा. ग्रामपंचायतीचा ठराव करून अर्ज द्यायचा असेल तर नोव्हेंबरातच द्या. जाळरेषांची कामं जानेवारी-फेब्रुवारीत उरकायची असतात. शिमग्याला दिलेल्या अर्जाचा त्या वर्षी काही उपयोग नाही.