‘टेस्टर’ हा शब्दच नाही, मग मी कोण?

दादरच्या माझ्या समुपदेशन कक्षात आयटी क्षेत्रातील जी माणसे येतात, त्यांच्यापैकी टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याचे काम, करणाऱ्यांची चिंता बहुधा एकच असते: टीम अजाईल झाली, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करू लागली, डेव्हलपर स्वतःच टेस्ट लिहू लागले, आता आपली गरज किती दिवस? पुढील अनुभव अशाच एका बाईंचा असून त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून तो लिहीत आहे.

त्यांचे वय ३४, घर मुलुंडला, नोकरी पवईतील एका कंपनीत. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधड सुरू होई. डॉक्टरांनी तपासण्या करून हृदयाचे काही नाही असे सांगितल्यावर त्या माझ्याकडे आल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून पिन मारलेले काही छापील कागद काढले. ती स्क्रम गाइडची, म्हणजे अजाईल कामाच्या ‘स्क्रम’ या पद्धतीच्या नियमपुस्तिकेची, २०२० ची आवृत्ती होती, आणि प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर व डेव्हलपर या टीममधल्या भूमिकांच्या तीन शब्दांखाली लाल पेनाने रेघा ओढलेल्या होत्या. “मॅडम, अख्खं वाचलं. टेस्टर हा शब्दच नाही. मग मी कोण?”

मी संगणकाच्या क्षेत्रातली नाही. तरी कागद ठेवून घेतले आणि वाचले. पुढच्या भेटीत आम्ही दोघींनी मिळून डेव्हलपरची व्याख्या पुन्हा पाहिली. प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात, वापरण्याजोगे काही तयार करण्याच्या कामातला कोणताही भाग जो उचलतो, तो डेव्हलपर. म्हणजे केवळ कोड लिहिणारा नव्हे. शिवाय ही पद्धत सॉफ्टवेअरबाहेरही वापरली जात असल्याने टेस्टिंग, रिक्वायरमेंट असे आयटीचे शब्द त्या आवृत्तीतून मुद्दामच वगळले होते. शब्द गेला होता, काम गेले नव्हते. हे ऐकून त्यांना बरे वाटले, पण धडधड काही थांबली नाही, आणि ती थांबेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. दिलाशाने भागले असते तर माणसे समुपदेशकाकडे कशाला आली असती?

म्हणून मी त्यांना एका स्प्रिंटभर वहीत दोनच गोष्टी टिपायला सांगितल्या: प्रत्येक स्टोरी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये करायचे एकेक छोटे काम, तपासायला त्यांच्या हाती कोणत्या दिवशी आली, आणि सापडलेली चूक खरे तर केव्हा लक्षात येऊ शकली असती. दोन आठवड्यांच्या त्या स्प्रिंटमध्ये ११ स्टोरी होत्या. त्यांपैकी ७ शेवटच्या तीन दिवसांत आल्या होत्या. शेवटच्या गुरुवारच्या पानावर एवढेच होते: ‘रात्री ९.४०. चार बाकी. स्टँडअपला विचारणार, टेस्टिंग का अडलंय.’ (स्टँडअप ही टीमची रोजची छोटी बैठक.) म्हणजे नाव अजाईलचे, पण व्यवस्था जुनीच: आधी सगळे बांधायचे आणि शेवटी एका माणसाला दारात उभे करायचे. उशीर झाला की दारातल्याने अडवले, आणि चूक निसटून ग्राहकापर्यंत गेली की दारातल्याने सोडले कसे, असे दोन्हीकडून बोल. छातीतल्या धडधडीचे मूळ मला या पानात दिसले. स्क्रम गाइडमध्ये नव्हे.

वहीचा दुसरा रकाना अधिक बोलका निघाला. बऱ्याच चुका कोड लिहिण्यापूर्वी, स्टोरीवर चर्चा होते त्या बैठकीतच, एका प्रश्नाने टळल्या असत्या. त्या बैठकीला त्या जात असत, पण गप्प बसत. “तिथे मी काय बोलणार?” हे त्यांचे वाक्य आम्ही दोन भेटी उलटून-पालटून पाहिले. पुढच्या स्प्रिंटला बिल भरण्याच्या स्टोरीवर चर्चा चालू असताना त्यांनी धीर करून विचारले, “लोकलमध्ये बटण दाबलं, पैसे गेले, पावती यायच्या आत रेंज गेली आणि माणसाने घाबरून पुन्हा बटण दाबलं, तर?” कोणाकडेच उत्तर नव्हते. स्वीकृतीच्या अटींमध्ये, म्हणजे स्टोरी पूर्ण धरायला काय काय जमले पाहिजे त्या यादीत, एक ओळ वाढली, आणि डेव्हलपरने त्या परिस्थितीची टेस्ट कोडबरोबरच लिहिली. हा प्रश्न मुलुंड ते कांजूरमार्ग रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या बाईला सुचला, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली नाही. तीच ती बटणे दर स्प्रिंटला हाताने दाबून पाहण्याचे रिग्रेशनचे काम यंत्राकडे जाणार, आणि ज्याच्याकडे तेवढेच काम आहे त्याची भीती खोटी नाही. त्यांनी ऑटोमेशन, म्हणजे ही तपासणी प्रोग्रामकडून करून घेणे, शिकायला घेतले आहे. शनिवारी सकाळी दोन तास, मुलगी क्लासला गेलेली असताना. त्यातून मोकळा झालेला वेळ त्या आता, पायऱ्या आधी न ठरवता, पण नेमके काय शोधायचे हे मनाशी धरून, सॉफ्टवेअर वापरून पाहण्यात घालवतात, आणि हे आपल्याला फार आवडते असे त्यांनी जरा संकोचाने कबूल केले.

सगळे सुरळीत झालेले नाही. आठ डेव्हलपरांमागे त्या अजून एकट्याच आहेत आणि दोन-तीन स्टोरी अजूनही शेवटच्या दिवशी येतात. फक्त आता त्यांचे काम अर्धवट राहिले तर ती स्टोरी पूर्ण झाली असे धरत नाहीत, आणि तो उशीर एकट्या त्यांच्या नावावर न पडता सगळ्या टीमचा मानला जातो. धडधड रविवारी होते, पण रात्री झोप लागते. अप्रेझलच्या फॉर्मवर मात्र ‘वर्षभरात सापडलेले बग’ हा रकाना तसाच आहे, आणि कोड लिहिण्याआधीच टळलेल्या चुका त्यात कुठे मांडायच्या, ते मॅनेजरना कसे सांगायचे, याची तयारी करायला त्या येत्या बुधवारी येणार आहेत.