वडिलांच्या अस्थी नॉक्सव्हिलहून परत मिळतील का?

नॅशव्हिलला राहणाऱ्या एका वाचकाच्या वडिलांनी हयातीतच, स्वतःच्या सहीने, टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिल येथील न्यायवैद्यक मानवशास्त्र केंद्राला देहदान केले होते. शेवटच्या आजारात साताऱ्याच्या धाकट्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मात्र ते म्हणाले, "माझ्या अस्थी संगम माहुलीलाच सोडा." थोरल्या मुलानेही, म्हणजे या वाचकानेही, हे ऐकले, तरी मृत्यूनंतर देह केंद्राकडेच गेला. आता धाकटा भाऊ अस्थी मागतो आहे आणि साताऱ्याच्या न्यायालयात दावा लावण्याची भाषा करतो आहे. परदेशस्थ कुटुंबांकडून अशाच आशयाची पत्रे वरचेवर येत असल्याने उत्तर सविस्तर देतो.

दात्याने स्वतः सही केलेली असेल, तर मुलांच्या संमतीचा प्रश्न येत नाही आणि त्याच्या पश्चात मुलांना ते दान रद्दही करता येत नाही, हे आपणास ठाऊक असावे. निकाल लागणार आहे तो एकाच मुद्द्यावर: वडिलांनी स्वतः, जिवंतपणी, दान मागे घेतले होते का? अमेरिकेतील देहदानाचा 2006 चा सुधारित नमुना कायदा टेनेसीनेही स्वीकारला आहे. मृत्युपत्राद्वारे न केलेले दान अंतिम आजारात तोंडीही मागे घेता येते, अशी तरतूद त्यात आहे. मात्र ते बोलणे किमान दोन सज्ञान व्यक्तींना उद्देशून असावे लागते आणि त्यांपैकी एक तरी निःसंबंधित साक्षीदार असावा लागतो. पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, नातवंडे हे निःसंबंधित साक्षीदार ठरत नाहीत. म्हणजे आपण दोघे भाऊ मिळून दोन व्यक्ती भरता, पण हवा असलेला तो एक साक्षीदार आपल्यापैकी कोणीच नाही.

त्या वेळी खोलीत आणखी कोण होते? भावाच्या फोनांचे वर्णन करण्यात आपण तीन पाने खर्च केली आणि या एका प्रश्नावर एक ओळही लिहिली नाही. परिचारिका असेल, तर तिला मराठी कळत होते का आणि वडील तिच्याशी बोलत होते का, हे दोन्ही पाहावे लागेल. एखादे मराठी शेजारी भेटीला आले असतील आणि वडिलांनी त्यांनाही तेच सांगितले असेल, तर चित्र पालटू शकते. इच्छा बदलल्याचे ऐकल्यावर त्याच दिवशी दोन ओळींच्या कागदावर वडिलांची सही घेतली असती, तर आज हा प्रश्नच उरला नसता, हे मला स्पष्टपणे सांगावेच लागेल.

अस्थी परत देण्याबाबत केंद्र इतके काटेकोर का असते, हेही समजून घ्यावे. विल्यम बास यांनी 1981 च्या सुमारास सुरू केलेल्या तेथील संशोधनक्षेत्रात देह उघड्यावर ठेवून विघटनाचा अभ्यास होतो. नंतर हाडे स्वच्छ करून, क्रमांक देऊन, वय, लिंग, उंची व आजारांच्या नोंदींसह कायमची जतन केली जातात. बेवारस सांगाड्याची ओळख पटवण्याच्या पद्धती अशा ज्ञात सांगाड्यांवरच पारखल्या जातात, म्हणून अस्थी परत न करण्याची अट दानपत्राच्या वेळीच सांगितलेली असते. अमेरिकेतील सांगाड्यांचे जुने हामान-टॉड आणि टेरी हे संग्रह मुख्यतः दावा न सांगितल्या गेलेल्या गरिबांच्या देहांतून उभे राहिले. त्यांना कोणी विचारले नव्हते. या केंद्रातील सांगाड्यांच्या, म्हणजे बास संग्रहाचे नैतिक बळ दात्याच्या लेखी संमतीत आहे. म्हणूनच ती संमती मागे घेतल्याचा खरा पुरावा असेल, तर तो मांडणे मला आवश्यक वाटते.

पुरावा मिळाला तरी अस्थी मिळतीलच, असे मी म्हणत नाही. केंद्राला त्या वेळी काहीच कळवले गेले नसल्याने सद्भावनेने वागणाऱ्याला कायदा देत असलेले संरक्षण त्याला बहुधा मिळेल, आणि भरपाईची आशा धरू नये. साताऱ्याच्या दाव्यातून तर काहीच हाती लागणार नाही. अस्थी आणि केंद्र दोन्ही तेथील न्यायालयाच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि परदेशात समन्स बजावण्यातच किती महिने जातात, हे आपल्याकडच्या कोणत्याही वकिलाला विचारावे.

या आठवड्यात केंद्राकडून दानपत्राची प्रत मागवावी आणि रुग्णालयाकडून त्या दिवसाच्या नोंदी मागाव्यात. साक्षीदार सापडल्यास टेनेसीतील वकिलामार्फत त्याचे शपथपत्र करून केंद्राला लेखी कळवावे, कारण त्या राज्याच्या कायद्याचा नेमका मजकूर आणि त्याचा अर्थ तो वकीलच सांगू शकेल. साक्षीदार नसेल, तर भावाला ही तरतूद वाचून दाखवावी आणि अस्थींशिवाय, पळसाच्या पानांची देहाची प्रतिकृती करून, करावयाच्या पालाशविधीबद्दल गुरुजींशी बोलावे. सांगाड्याचे दर्शन घेता येईल का, हेही त्याच पत्रात केंद्राला विचारावे.