एक्झामिनरसाठी अर्ज करतेयस ना, मग हे वाच

अगं, तुझा रेझ्युमे आणि कव्हर लेटर दोन्ही काल रात्रीच वाचलं, पण तेव्हाच लिहायला बसले असते तर जरा जास्तच बोलले असते, म्हणून आज लिहितेय. रेझ्युमे चार पानी कशाला गं? आणि तो फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, हे आधी काढून टाक. केंब्रिज काय नि आयबी काय, या परदेशी बोर्डांना पेपर तपासणारी बाई हवीय, स्थळ नाही बघायचंय.

आता कव्हर लेटरचं पहिलंच वाक्य, मला मुलांना घडवायची मनापासून आवड आहे. छान आहे, पण ते टीचरच्या नोकरीला चालतं. एक्झामिनरला मुलं दिसतच नाहीत. स्क्रीनवर स्कॅन केलेलं उत्तर, नाव नाही काही नाही, आणि शेजारी मार्क स्कीम, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे त्याची यादी, बास. आपल्या एसएससी बोर्डाला शाळेतून नावं जातात, मग गठ्ठे येतात, वर आपलं तपासलेलं पुन्हा बघणारा मॉडरेटर, त्याच्यावर चीफ मॉडरेटर, तिथे कव्हर लेटर कोण मागतंय! केंब्रिजला किंवा आयबीला तू स्वतःहून अर्ज करणार, तिथे तुला ओळखणारं कुणी नाही, त्यामुळे कागदावर जेवढं आलं तेवढीच तू.

त्यांना हवंय काय, तर पहिल्या पेपरला आणि रात्री अकरा वाजता डोळे चुरचुरत असताना तपासलेल्या दोनशेव्या पेपरला एकच माप लावणारं माणूस, आणि ते माप पण आपलं नाही, दुसऱ्यांनी ठरवलेलं. मला हे धडा मिळाल्यावर कळलं. पहिल्याच वर्षी एका बोर्डाने माझं मार्किंग मधेच थांबवलं होतं. आपल्याला दिलेल्या पेपरांत अधूनमधून सीनियर लोकांनी आधीच तपासलेले पेपर मिसळलेले असतात, त्यांना सीड म्हणतात, कुठला सीड ते आपल्याला कळत नाही, आणि आपले मार्क त्यांच्या मार्कांपासून ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब गेले की मार्किंग अडतं. मी काय करत होते, तर पोराचा विचार बरोबर आहे ना, मग दे एक मार्क, असं चाललं होतं माझं. टीम लीडर फोनवर अगदी शांतपणे म्हणाला, दया दाखवायची तर सगळ्याच मुलांना दाखवावी लागेल, तेवढे पेपर तुमच्याकडे नाहीयेत. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही मला.

म्हणून तुझ्या रेझ्युमेत मी तेच शोधत होते, आणि नेमकं तेच नाहीये. मागच्या प्रीलिमला दोन सेक्शनचे 140 पेपर तू आठ दिवसांत तपासलेस, त्यातले 20 माझ्याकडे क्रॉसचेकला दिलेस, तीन पेपरांत फरक निघाला आणि मग आपण स्टाफरूममध्ये बसून स्कीममधली ती ओळ बदलली, आठवतंय? हे कुठेय? त्याच्याऐवजी रांगोळी स्पर्धेची परीक्षक म्हणून एक ओळ आहे (परीक्षक हा शब्द सापडला म्हणून टाकलीस ना, खूप हसले मी). तसंच नुसतं 'नववी-दहावीला मॅथ्स' लिहू नको, आयजीसीएसई (केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा) मॅथ्स, सिलॅबस 0580, एक्स्टेंडेड म्हणजे वरची लेव्हल, किती वर्षं, असं लिही, वाचणारा हा कोड रोज बघतो. एम मार्क म्हणजे मेथडचा, ए म्हणजे अचूक उत्तराचा, आणि फॉलो थ्रू, म्हणजे पोराचा पहिला भाग चुकला पण तेच चुकीचं उत्तर घेऊन पुढचं बरोबर केलं तर पुढचे मार्क मिळू शकतात, हे सगळं वापरून तू शाळेचे पेपर तपासतेस ना, मग सांग तसं. हे एक वाक्य तुझ्या बीएडच्या डिस्टिंक्शनपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

कव्हर लेटर एका पानाच्या आत. वेळेचं स्पष्ट लिही, कारण पेपर आले की थोड्याच दिवसांत परत द्यायचे असतात. भारतात केंब्रिजची फेब्रुवारी-मार्चची सिरीज पण असते आणि तेव्हा तुझी स्वतःची दहावीची बॅच डोक्यावर असते, म्हणून 'कधीही उपलब्ध' असलं काही ठोकून देऊ नको, मे-जूनला रोज तीन तास जमेल तर तेवढंच लिही. शनिवारी घरी ट्यूशनला येणाऱ्या त्या दोन मुली यंदा हाच पेपर देणार आहेत ना, ते लपवू नको, विचारतील तिथे सरळ सांग, शाळेचं नाव पण. रेफरन्सला प्रिन्सिपल सरांचं नाव घालायच्या आधी त्यांना विचार मात्र, मागे एकीने न विचारता घातलं होतं, सर ईमेल बघून चिडले होते.

आणि फाइलचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल फायनल 2' असलं ठेवू नको, तुझं नाव आणि विषय घाल. दुरुस्त करून पाठव, पण रात्री दहाच्या आधी, नंतर मी झोपते.