सुनेचं माहेर शोधताना

प्रश्न: माझी सून बोस्टनजवळची. माहेरचं आडनाव व्हाइट. तिची आजी सांगते, मूळ पुरुष अकेडियातून हाकलून आणलेला, त्याचा मुलगा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शिपाई होता. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करते आहे. आमची कुलवृत्तांतात मिळाली. तिकडची कशी शोधू?
– एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर: आजी, सुनेकडची बाजूही तुम्ही इतक्या हौसेनं लिहायला घेतलीत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

अकेडिया म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाकडचा फ्रेंच मुलूख. १७५५ पासून इंग्रजांनी तिथली घरंदारं जप्त केली आणि माणसं जहाजांत कोंबून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंत नेऊन उतरवली. बोस्टनला आलेली कुटुंबं गावोगाव वाटून दिली. त्यांच्या धान्या-सरपणाचा खर्च गावकारभारी सरकारकडे मागत, म्हणून नावं लिहून ठेवत. ते कागद बोस्टनच्या राज्य अभिलेखागारात ‘फ्रेंच न्यूट्रल्स’ (इंग्रज अकेडियन लोकांना असं म्हणत) या दोन खंडांत आहेत. मोडी दफ्तरातही माणूस असाच, शिध्याच्या हिशेबात भेटतो.

आता व्हाइट. अकेडियन लोकांत लब्लां हे फ्रेंच आडनाव असतं, त्याचा अर्थ पांढरा. इंग्रजांत राहून काही लब्लां व्हाइट झाले. पण मूळचे इंग्रज व्हाइट तिथे ढिगानं आहेत. शिपायांच्या यादीत व्हाइट दिसला की लगेच ‘हाच आपला’ म्हणू नका. त्याच्या पेन्शनचा अर्ज मिळतो का पाहा. १८२० पासून गरीब शिपायाला अर्जासोबत मालमत्तेची यादी द्यावी लागे. गाय, किटली, खुर्च्या, आणि बऱ्याचदा घरात कोण कोण आहे तेही. विधवेनं अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावाही सापडेल.

खरा धागा मात्र बायकांचा धरा. अकेडियन चर्चच्या वह्यांत बाई मरेपर्यंत बापाच्या आडनावानंच लिहिलेली असते. आपल्याकडे तर लग्नात नावसुद्धा बदलायचं. माझ्या पणजीची कुलवृत्तांतात ‘पत्नी रमाबाई’ एवढीच नोंद होती. तिचं माहेर मला माळ्यावरच्या पितळी घंगाळानं सांगितलं. चिंचेनं घासलं तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं उठली: तिच्या वडिलांचं नाव आणि ‘वाई’. त्या दिवशी मी घंगाळ मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते, देव जाणे.

तिकडच्या माणसांनी वह्याच बरोबर नेल्या. ग्रां-प्रे गावच्या चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदी हद्दपार झालेल्यांनी पार लुईझियानापर्यंत वाहून नेल्या. आज त्या तिथल्या बॅटन रूज शहराच्या कॅथलिक धर्मप्रांताकडे आहेत. सुनेचं घराणं ग्रां-प्रेपर्यंत पोचलं तर तिथे विचारा. पण थेट १७५५ वर उडी नको, एकेक पिढी पुराव्यानिशी मागे जा.

आणि आधी विहीणबाईंच्या आईला फोन लावा, त्यांच्या आजीचं माहेरचं आडनाव विचारून घ्या. इथे संध्याकाळी सातला लावलात तर तिकडे सकाळ असेल.