फ्रिजचा पार्ट मागताना नाव नको, नंबर सांगा

गेल्या अंकात पंख्यांच्या दुरुस्तीवर लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक फ्रिजची. मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. सुरुवातीची सहा वर्षं वडिलांच्या हाताखाली पाने-पकडी देत शिकले, म्हणून या पत्रांना उत्तरं देताना हात आखडता घेत नाही.

ताई, आमचा दोन दारांचा फ्रिज बारा वर्षांचा आहे. वर फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खाली गारवाच नाही. एक मेकॅनिक म्हणतो गॅस संपला, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर बदला. कुणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही ऐकू नका. आधी फ्रीझरच्या आतली मागची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पाटी उघडून कूलिंग कॉइल बघायला सांगा. वीज बंद करूनच.

तुमचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री आहे, म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा. अशा बहुतेक फ्रिजमध्ये थंडी तयार करणारी कॉइल एकच असते, ती त्या पाटीमागे. छोटा पंखा तिची गार हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि एका वाटेने खाली सोडतो. कॉइलवर दव गोठत राहतं, म्हणून ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर लागतो आणि तो बर्फ वितळून पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. हे डिफ्रॉस्टचं चक्र बिघडलं की कॉइलच्या पात्यांमध्ये बर्फ भरतो आणि हवेची वाट बंद होते. कॉइलला खेटून असलेला फ्रीझर बरेच दिवस थंड राहतो, खालचा कप्पा मात्र कोमट पडतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी असंच आहे.

आता कॉइलकडे नीट बघा. वरपासून खालपर्यंत सगळीच पांढरी गच्च झाली असेल तर बिघाड डिफ्रॉस्टचा. फक्त सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवर बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे. या एका नजरेत तुमच्या दोन मेकॅनिकांचं भांडण मिटतं. आणि कॉइलवर बर्फ बेताचा, पण पंखाच फिरत नसेल, तर पंख्याची मोटर.

पाटी उघडणं जमणार नसेल तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून एक अख्खा दिवस जाऊ द्या. खाली जुने टॉवेल अंथरा, पाणी बरंच येतं. परत चालू केल्यावर तो काही दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा तीच तक्रार आली, तर डिफ्रॉस्टच.

मग प्रश्न उरतो कुठला पार्ट. हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज आणि टायमर. नव्या फ्रिजमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि बोर्ड. इथे एक चूक मी वारंवार पाहते, म्हणून सविस्तर लिहिते. बायमेटल म्हणजे कॉइलला चिमट्याने अडकवलेली बटणाएवढी गोल डबी. तिच्यातला संपर्क कॉइल शून्याखाली चांगली गार झाल्यावरच जोडला जातो. टेबलावर ठेवून मल्टिमीटर लावला की ती तुटलेलीच दाखवणार, कारण खोलीच्या तापमानाला तिने तसंच दाखवायला हवं. अशा कितीतरी चांगल्या डब्या फेकल्या जातात. मी ती पिशवीत गुंडाळून दुसऱ्या चालू फ्रीझरमध्ये ठेवते, पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून लगेच मीटर लावते. संपर्क जोडलेला दिसला पाहिजे. मग मुठीत धरून बसायचं. थोड्या वेळात ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि मीटरचा आकडा जातो. हा आवाज आला की डबी चांगली.

थर्मल फ्यूजचं उलट आहे. तो खोलीच्या तापमानालाही जोडलेलाच हवा आणि एकदा गेला की परत येत नाही. त्याला वायरीने थेट जोडून ‘काम भागवून’ जाणारे लोक आहेत. तसं कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. हीटर बंद व्हायचा राहिला तर आतलं प्लॅस्टिक वितळू नये म्हणून तो फ्यूज बसवलेला असतो.

दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलंय. मॉडेल बंद झाल्यामुळे रबर मिळत नाही असं सांगतात. अंदाजाने आणलेलं एक बसलंच नाही. फ्रिज टाकून द्यायचा का?

रबरासाठी फ्रिज टाकू नका, मनापासून सांगते.

आधी मॉडेल नंबर शोधा. दारावरचं चकचकीत नाव म्हणजे मॉडेल नंबर नाही. आतल्या बाजूच्या भिंतीवर किंवा पाठीमागे एक लहान पाटी किंवा लेबल असतं. त्यावर मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, व्होल्टेज, गॅसचा प्रकार आणि तो किती ग्रॅम भरलाय हे सगळं छापलेलं असतं. फोटो काढताना मॉडेल नंबरच्या शेवटची अक्षरंसुद्धा येऊ द्या. एकाच नावाच्या फ्रिजमध्ये एका अक्षराच्या फरकाने रबर बदलतं.

मॉडेल खरंच बंद झालं असेल तर रबर मापावर बनवून मिळतं. पट्टी कापून कोपरे ४५ अंशांत वितळवून जोडतात. त्यासाठी दोन गोष्टी अचूक लागतात. पहिली, माप. रबराच्या मागे एक जीभ असते, ती दाराच्या खाचेत दाबून बसते. आडवं आणि उभं माप या खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत घ्यायचं. बाहेरच्या कडा मोजल्या की फसगत होते, तुमचं बहुधा तेच झालं. काही जुन्या फ्रिजमध्ये खाच नसते, रबर पट्टीखाली स्क्रूने आवळलेलं असतं. तिथे बनवणाऱ्याला आधीच तसं सांगा. दुसरी गोष्ट, रबराचा छेद. जुन्या रबराचा बोटभर तुकडा सरळ कापून सोबत न्या. कापलेल्या तोंडाकडे पाहिलं की लोहचुंबकाच्या पट्टीचा कप्पा, हवेचे फुगे आणि मागची जीभ स्पष्ट दिसते. हा तुकडा हातात असला की शब्दांनी वर्णन करायची गरजच पडत नाही. माझ्याकडे अशा तुकड्यांचा एक डबा आहे, प्रत्येकाला मॉडेल नंबरची चिठ्ठी बांधलेली.

नवं रबर घडी घालून येतं, त्यामुळे वाकडं दिसतं. कढत पाण्यात काही मिनिटं बुडवा, सपाट जागी पसरून ठेवा. बसवताना आधी चारी कोपरे, मग मधला भाग. बिजागरीच्या बाजूला सुरुवातीला फट राहिली तर हेअर ड्रायरची ऊब देऊन बोटांनी बाहेर ओढा, एक-दोन दिवसांत ते बसतं.

इतर वाचकांसाठी: रबर फाटलेलं नसताना दार नीट लागत नसेल तर बदलायची घाई नको. कोमट साबणाच्या पाण्याने घड्यांतला चिकटा काढा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारी बाजूंनी हाताहाताच्या अंतराने हे करा. फक्त वरच्या कोपऱ्यात सुटत असेल तर दार लोंबलंय, बिजागरी आवळा.

आणखी एक. युरोपीय संघात २०२१ पासून नियम आहे की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं दाराचं रबर मिळालंच पाहिजे. थर्मोस्टॅट, सेन्सर, बोर्ड यांसाठी ही मुदत ७ वर्षांची आहे. ग्राहकाने एवढी अपेक्षा ठेवणं वाजवीच आहे. नवा फ्रिज घेताना पार्ट किती वर्षं मिळतील हे विचारून, लिहून घ्या.

फ्रिजच्या दोन्ही बाजू हाताला गरम लागतात. धोका आहे का?

नाही. मागे काळी जाळी नसलेल्या फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. दोन्ही बाजूंना आणि मागे हवा खेळायला जागा सोडा. जाळीवाला फ्रिज असेल तर वर्षातून दोनदा वीज बंद करून मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडा.

दर वर्षी गॅस भरावा लागतो. फ्रिज जुना झाल्यावर गॅस खातोच, असं मेकॅनिक म्हणतो.

फ्रिज गॅस खात नाही. गॅस बंद नळीत गोल फिरतो, जळत नाही, झिजत नाही. कमी झाला म्हणजे गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुन्हा जाणारच.

बर्फ खरवडायला कधी सुरी वापरलीत का, हे आठवून बघा. माझ्याकडे आलेल्या एका एकदारी फ्रिजच्या फ्रीझरमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक होतं. साबणाचा फेस लावला तेव्हा एकच बुडबुडा फुगत होता, फुटत होता. मालकाने त्याआधी तीनदा गॅस भरून घेतला होता. ॲल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ असतो, म्हणून हत्यार लावायचं नाही. डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं आणि वाट बघायची.

गळती बुजवल्यावर फिल्टर-ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा धरणारी डबी) नवा घालायचा, व्हॅक्यूम करायचा आणि पाटीवर लिहिलाय तोच गॅस तेवढ्याच ग्रॅमला, वजन करून भरायचा. आर १३४ए आणि आर ६००ए या दोन गॅसांचे कॉम्प्रेसर वेगळ्या घडणीचे असतात, अदलाबदल चालत नाही. आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. घरच्या फ्रिजमध्ये तो जेमतेम थोडेच ग्रॅम असतो, तरी त्या फ्रिजच्या नळीला आग लावून झाळणं जिवावर बेतू शकतं. हे काम करणाऱ्याला ‘पाटीवर कुठला गॅस आहे?’ एवढं विचारा. तो पाटी न बघताच उत्तर देऊ लागला तर दुसरा मेकॅनिक बघा.

दर काही मिनिटांनी मागून ‘टक्’ आवाज येतो, क्षणभर घूं होतं आणि बंद. कॉम्प्रेसर गेला का?

गेला असेलही, पण आधी रिले बघा. कॉम्प्रेसरच्या कुशीला प्लॅस्टिकच्या झाकणाखाली स्टार्ट रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) असतो. प्लग काढून रिले बाहेर घ्या आणि कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर बहुधा आतली चकती फुटली आहे. खुळखुळत नसेल, पण जळकट वास येत असेल तरी तो बदला. कपॅसिटर असेल तर त्याच्या टोकांना हात लावू नका, तो वीज धरून ठेवतो.

नवा रिले आणताना जुना सोबत न्या, आणि त्यावरच्या नंबराइतकाच कॉम्प्रेसरच्या लेबलवरचा नंबर महत्त्वाचा, त्याचाही फोटो घ्या. ओव्हरलोड त्या कॉम्प्रेसरच्याच जोडीचा हवा. मोठ्या कॉम्प्रेसरचा लावला तर गरज असताना तो तुटणार नाही आणि कॉम्प्रेसर जळेल. घरात व्होल्टेज कमी असेल तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी मीटरने तेही बघून घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला असा रिले नसतो, त्याला बोर्ड असतो. त्यावर हे उत्तर लावू नका.

काचेचा ट्रे फुटला. भंगारातल्या फ्रिजचा घेतला तर चालेल?

खुशाल घ्या. ट्रे, दाराचे कप्पे, ड्रॉवर, हँडल, बिजागऱ्या जुन्या चालतात. रबर, रिले, फ्यूज आणि फिल्टर मात्र नवेच. काचेचा ट्रे आणताना लांबी-रुंदीबरोबर मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्या खाचाही जुळतात का ते बघा. पट्टी शाबूत असेल आणि फक्त काच फुटली असेल, तर काच कापणाऱ्याकडे पट्टी घेऊन जा, तेवढ्याच जाडीची टफन्ड काच मापावर मागवा आणि कडा घासून घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी पट्टीच्या आतलं माप दोनदा घ्या आणि काच सरकायला एक-दोन मिलिमीटर कमी सांगा.