रोमन काळात तुर्कस्तानातल्या मंदिरांचे पुजारी खरंच राज्य करायचे का?

हो करायचे, पण स्वतंत्र राजा म्हणून नाही, वर कोणीतरी असायचंच, आधी पोंटसचा (काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं राज्य) राजा आणि नंतर रोम. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पोंटसमधलं कोमाना, आजच्या तोकात शहराजवळ, मा देवीचं मोठं ठाणं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो त्याच भागातला, आमासिया शहराचा, आणि त्याच्या आईच्या घराण्यातल्या माणसानेच तिथलं पुजारीपद भूषवलेलं, म्हणून त्याची माहिती मला भरवशाची वाटते. तो सांगतो की राजांच्या काळात वर्षातून दोनदा देवीची मिरवणूक निघायची तेव्हा पुजारी राजमुकुट घालायचा आणि मानात राजाच्या खालोखाल तोच. मंदिराचे किमान ६,००० सेवक त्याच्या हुकमात, फक्त त्यांना विकायचा हक्क नव्हता (हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे मालकी शेवटी देवीचीच). मग रोमन सेनापती पॉम्पीने पोंटसचा राजा मिथ्रिडेटीसला हरवल्यावर आर्केलाउस नावाच्या माणसाला इथे पुजारी नेमलं, वर आजूबाजूची जमीनही जोडून दिली आणि लोकांना त्याचं ऐकायला सांगितलं. पुढे रोमच्या सीझरने लायकोमीडीसला पुजारी म्हणून बसवलं, सम्राट ऑगस्टसच्या काळात डायट्यूटस आला, म्हणजे गादीवर कोण हे रोमच ठरवत होतं. फक्त हे सगळ्या मंदिरांना लावू नका, बऱ्याच ठिकाणी पुजाऱ्याकडे नुसती पूजा आणि मंदिराची जमीन एवढंच असायचं.